हैदराबाद : खाणे आणि खाणाखुणा

जालन्याच्या स्टेशनवरून रात्री एक गाडी पश्चिमेला निघते आणि सकाळी मुंबईला पोचते. दुसरी पूर्वेला निघते आणि सकाळी हैदराबादला पोचते. अंतर दोन्हीकडे सारखेच म्हणावे इतके. तरीही माझ्या पिढीचे जालनेकर डोळे मिटून पश्चिमेची गाडी धरतात. मुलाचे कॉलेज असो, मोठ्या डॉक्टरला दाखवायचे असो की लग्नाचा बस्ता बांधायचा असो, पुण्या-मुंबईपलीकडे आम्हाला दुसरे शहर सुचत नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीचे असे नव्हते. त्यांच्या तोंडी नुसते 'शहर' आले की ते हैदराबाद असे. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. हायकोर्ट हैदराबादला, विद्यापीठ हैदराबादला, नोकरीची वशिलेबाजी करायची तर तीही हैदराबादलाच. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शरणागती पत्करली. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. 1958 साली औरंगाबादला, म्हणजे हल्लीच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि आमच्या कॉलेजांचे उस्मानियाशी असलेले नाते संपले. एका पिढीत गाडीचे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावे तसे झाले. आमचा जालना जिल्हा तर 1981 सालचा. त्याच्या कागदावर हैदराबादचा शिक्का कधी उठलाच नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला दोन दिवसांचे काम निघाले. तिकडे आपल्यासारखी दिवाळीची लांबलचक सुटी नसते. त्यांची मोठी सुटी दसऱ्याची. त्यामुळे ग्रंथालय उघडे आणि आमचे कॉलेज बंद, असा दुर्मिळ योग होता. मी एकटाच जाणार होतो. पण सौ. म्हणाली, "म्हणजे आम्ही इथे फराळाचे रिकामे डबे पुसत बसायचं वाटतं?" चिरंजीव सातवीत आहेत, त्यांनी बिर्याणी हा शब्द उच्चारला आणि आईकडे पाहून गिळला. सौ.चे माहेर पुण्याचे. तिच्या मते खाण्याच्या बाबतीत भारताची सरहद्द लोणावळ्याच्या चिक्कीपासून सुरू होते आणि चितळ्यांच्या दुकानापाशी संपते. शिवाय ती शाकाहारी. चिरंजीव सर्वभक्षक. मी घरात शाकाहारी आणि बाहेर समंजस. "तिथे आपण खायचं काय?" हा तिचा प्रश्न तिकिटे काढून झाल्यावरही घरात फिरत होता.

अजिंठा एक्सप्रेसने आम्ही निघालो. परभणी, नांदेड झोपेत गेले. सकाळी काचीगुड्याला उतरलो. हे स्टेशन 1916 सालचे. घुमट, कमानी, आणि दर्शनी भाग असा की आत रेल्वे नसून एखादा नवाब राहत असावा. स्टेशनाबाहेर पडताच चिरंजीवांनी एक पाटी वाचून दाखवली, "बाबा, इथे टिफिन तयार आहे. पण आपण डबा कशाला घ्यायचा?" आपल्याकडे टिफिन म्हणजे डबा, तिकडे टिफिन म्हणजे सकाळची न्याहारी. इडली, वडा, डोसा, उपमा, पुरी आणि पेसरट्टू. हा पेसरट्टू सौ.ने मोठ्या संशयाने मागवला. हिरव्या मुगाच्या पिठाचा, कडेने कुरकुरीत, पोटात आले-मिरची आणि वर कांदा. तिने एक तुकडा मोडला, खाल्ला आणि म्हणाली, "अहो, हे तर मुगाचं धिरडं!" स्वर असा की चोरीला गेलेली वस्तू बाजारात सापडली.

हाच प्रकार दुपारी जेवताना झाला. आंध्र पद्धतीचे साधे शाकाहारी जेवण. भात, पप्पू म्हणजे डाळ, सांबार, रस्सम, दही, आणि पानाच्या डाव्या बाजूला गडद हिरव्या रंगाची चटणी. वाढप्याने नाव सांगितले, "गोंगुरा." कोरड्या भातावर तूप घालून ही चटणी कालवायची असते. पहिल्या घासाला सौ.चे डोळे बारीक झाले, दुसऱ्या घासाला मोठे. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी. आमच्या जालन्याकडे अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी आणि खाली ज्वारीची भाकरी हे गरिबाचे जेवण समजतात. पाहुण्यासमोर ती ठेवायला बायका संकोचतात. इथे तीच अंबाडी मानाने पानात बसली होती आणि लोक तिच्यासाठी दुसऱ्यांदा भात मागत होते.

संध्याकाळी मोअज्जमजाही मार्केटला गेलो. 1935 साली बांधलेली ही दगडी मंडई निजामाच्या धाकट्या मुलाच्या, मोअज्जम जाहच्या, नावाची. मधोमध घड्याळाचा मनोरा, दोन्ही बाजूंना पसरलेल्या कमानी आणि त्या कमानींत दुकाने. पूर्वी फळांचा मोठा बाजार इथेच भरे. मध्यंतरी फार दुर्दशा झाली होती. हल्ली काही वर्षांपूर्वी डागडुजी करून दगड पुन्हा स्वच्छ केला आहे. संध्याकाळी आवारात खुर्च्या मांडलेल्या असतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे आइस्क्रीम खात बसतात. हे आइस्क्रीम यंत्रातून उंच शेंडी काढून आलेले नव्हे. बर्फ-मिठात भांडे फिरवून केलेले, जरासे रवाळ, आणि त्यात ज्या फळाचे नाव ते फळ खरोखर असते. सीताफळाचे दिवस होते. सीताफळ हा आमचाही विषय. बीडकडच्या डोंगरातली सीताफळे जालन्याच्या बाजारात येतात, आणि त्यांचा गर काढता काढता घरातली माणसे भांडतात. ते भांडण कुणीतरी आधीच उरकून, बिया वेगळ्या करून, थंड करून हातात दिले तर किती बरे वाटते ते खाल्ल्याशिवाय कळायचे नाही. चिरंजीवांनी दोन खाल्ली. सौ.ने एकच खाल्ले, पण चमच्याने कप इतका खरवडला की पोऱ्याला धुवायचे काम उरले नाही.

तिथेच माझा थोडा अपमान झाला. रसाच्या गाडीवर 'बत्तई' अशी पाटी होती आणि खाली मोसंब्यांचा ढीग. मी जरा ऐटीत म्हणालो, "हे मोसंबी आमच्या जालन्याचे काय?" जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आम्ही ते पाहुण्यांना घरचे बारसे सांगावे तसे सांगत असतो. गाडीवाल्याने माझ्याकडे दयेने पाहिले आणि म्हणाला, "नलगोंडा का बत्तई है साब. जालना किधर आया?" रस गोड होता हे कबूल केले पाहिजे. ही सातगुडी जात. आपल्या मोसंबीहून साल जरा वेगळी आणि रसाला किंचित आंबट बाजू. दुसरा पेला मात्र मी मागितला नाही. जिल्ह्याचा काही मान असतो.

मार्केटच्या कमानींत हमीदी हे मिठाईचे जुने दुकान आहे. तिथला जौझी हलवा घेतला नाही तर हैदराबादला जाऊन काय केले, असे तिकडचे लोक विचारतात. जौझ म्हणजे जायफळ. मोड आणलेल्या गव्हाचे सत्त्व, दूध, तूप आणि साखर तासन् तास आटवून हा केलेला असतो; रंग गडद तपकिरी, पोत चिकट आणि दाणेदार यांच्या मधला, आणि जायफळाचा वास असा की दुपारी खाल्ला तर संध्याकाळपर्यंत झोप. आपल्याकडे बासुंदीत चिमूटभर जायफळ घालून आपण स्वतःला उदार समजतो.

रस्ता ओलांडला की कराची बेकरी. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या खानचंद रामनानी यांनी ती 1953 साली सुरू केली. सुटलेल्या गावाचे नाव माणूस दुकानाला देतो, यात विशेष काही नाही. आमच्या सिंधी बांधवांनी गावोगावी तेच केले. पण 2019 साली बंगळूरच्या शाखेत जमाव आला आणि त्या नावावर कापड झाकावे लागले. ज्यांना कराची सोडावी लागली त्यांनाच कराचीबद्दल जाब विचारायचा, ही मला फार क्रूर थट्टा वाटते. असो. फ्रूट बिस्किटाच्या पुड्यांची रास होती आणि गर्दी अशी की रेशनचे दिवस आठवावेत. सौ.ने तिथेच उभ्याने एक बिस्किट खाऊन पाहिले. पुण्याच्या कॅम्पातल्या श्रूजबेरीचा प्रश्न असल्यामुळे मी श्वास रोखून होतो. "वाईट नाही," ती म्हणाली. पुणेकराच्या तोंडचे 'वाईट नाही' म्हणजे काय ते जाणकारांना सांगायला नको. चार पुडे घेतले.

दुसऱ्या दिवशी माझे काम दुपारी आटोपले आणि आम्ही बिर्याणीच्या मोहिमेवर निघालो. हॉटेलाचे नाव सांगत नाही, कारण तिथे आम्हाला पाऊण तास जिन्यात उभे केले. आत जाऊन बसलो. चिरंजीवांनी आणि मी मटणाची बिर्याणी मागवली. हैदराबादी बिर्याणी 'कच्ची': मसाल्यात आणि दह्यात मुरवलेले कच्चे मांस तळाला, त्यावर अर्धवट शिजलेला भात, झाकण कणकेने लिंपून बंद, आणि मग मंद निखाऱ्यावर दम. दोन्ही एकाच वेळी शिजले पाहिजेत, एकाने दुसऱ्याची वाट पाहायची नाही. आचाऱ्याला आत डोकावता येत नाही. सगळा कारभार वासावर आणि अंदाजावर. ती उत्तम होती. तिच्याबद्दल यापूर्वी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, मी भर घालत नाही. मला सांगायचे आहे ते सौ.च्या ताटाबद्दल.

तिने बगारा खाना आणि बगारे बैंगन मागवले होते. बगारा खाना म्हणजे खडा मसाला आणि कांद्याची फोडणी दिलेला साधा मोकळा भात. बगारे बैंगन म्हणजे लहान काळी वांगी, चार चिरा दिलेली, दाट रश्श्यात बुडालेली, वर तेलाचा तवंग. तिने एक वांगे फोडले, रस्सा चाखला आणि बराच वेळ बोललीच नाही. मला वाटले, तिखट लागले. मग ती बोटाने ताटाच्या कडेला हिशेब मांडू लागली. "शेंगदाण्याचं कूट. भाजलेले तीळ. सुकं खोबरं. चिंच. थोडा गूळ असावा. अहो, ही तर सासूबाईंची भरली वांगी!"

मी चाखून पाहिले. तिचे खरे होते. आणि बिर्याणीबरोबर येणारे मिरचीचे सालन तेही त्याच घराण्यातले: शेंगदाणे, तीळ, खोबरे, चिंच. त्यात दिल्लीचे काय आहे? काजू-बदामाची वाटणे आणि साय ही उत्तरेची श्रीमंती. शेंगदाणे, तीळ, चिंच हे दख्खनच्या काळ्या-तांबड्या जमिनीचे, कोरडवाहू शेतकऱ्याच्या फडताळातले सामान. मोगलांचा सुभेदार इथे येऊन निजाम झाला, त्याच्याबरोबर दम आणि केशर आले. पण भटारखान्यात हात चालत होते ते इथल्या बायाबापड्यांचे आणि खलबत्त्यात कुटले जात होते ते इथलेच कूट. आम्ही मराठवाड्यातले लोक हैदराबादी जेवणाला 'मुसलमानी' म्हणून एका फडताळात ठेवतो आणि आपल्या वांग्याला दुसऱ्या. दोन्ही फडताळांच्या मागची भिंत एकच आहे, हे मला तोपर्यंत कुणी सांगितले नव्हते. ते बायकोने सांगावे आणि पुण्याच्या बायकोने सांगावे, हा भाग निराळा.

भाषेचेही तेच. मी पडलो मराठीचा मास्तर. जेवताना कान बंद ठेवता येत नाहीत. वाढपी शेजारच्या टेबलावर विचारत होता, "और कुछ होना?" 'चाहिए' नव्हे, 'होना', आपल्या 'हवे'च्या चालीवर. गिऱ्हाईक म्हणाले, "नक्को." हा 'नक्को' म्हणजे आपला 'नको', वाटेत एक 'क' जास्त खाल्लेला. आणि "मैं इधरीच बैठतूं" यातला 'च' तर थेट आपल्या 'इथेच'मधला. दक्खिनीच्या अभ्यासकांनी हे कधीच नोंदवून ठेवले आहे आणि मी ते वर्गात शिकवतोही; पण पुस्तकातला 'च' आणि सालनाच्या वाफेतून आलेला 'च' यांत फरक आहे.

आता ज्या कारणाने मला हा प्रवास नुसता खाण्याचा राहिला नाही, ते सांगतो. माझे चुलत आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, 2018 साली एकोणनव्वदाव्या वर्षी गेले. अंबडजवळच्या खेड्यातून पंधराव्या वर्षी ते शिकायला हैदराबादला गेले होते. 1907 साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही तिथल्या मराठी माणसांची शाळा. तिच्या आधाराने मराठवाड्यातली कितीतरी गरिबांची पोरे शहाणी झाली. तात्या इसामिया बाजारात एका खोलीत चौघांबरोबर राहत आणि वार लावून जेवत. सोमवार एका वकिलाकडे, मंगळवार एका कारकुनाकडे, असे सहा वार लागले होते. गुरुवार लागला नव्हता. गुरुवारी पुतलीबावलीच्या कोपऱ्यावर एका इराण्याच्या हॉटेलात ते चहा आणि बिस्किटे घेत, आणि तेवढ्यावर शुक्रवार उगवे. पैसे नसले की इराणी पाटीवर खडूने रेघ ओढी.

त्या काळात ब्राह्मणाच्या पोराने इराण्याकडे चहा पिणे ही साधी गोष्ट नव्हती. वार बंद होण्याची भीती होती. पण तात्या सांगत की संगमरवरी टेबलाच्या एका बाजूला टांगेवाला, दुसऱ्या बाजूला कचेरीतला मुन्शी आणि मध्ये आपण, असे बसण्याची जागा त्या शहरात दुसरी नव्हती. "देवळात नाही, मशिदीत नाही, शाळेतसुद्धा नाही," ते म्हणत.

ऑगस्ट 1947 मध्ये स्टेट काँग्रेसची हाक आली. स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे शेकडो विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजे सोडली. तात्या रातोरात निघाले, सरहद्दीवरच्या छावणीत गेले, पुढे पकडले गेले, तुरुंगात राहिले. रझाकारांनी गावातले घर जाळले. पोलीस ॲक्शननंतर ते परत आले, पण हैदराबादला पुन्हा कधी गेले नाहीत. सरकारी पाहुणे म्हणून सत्काराला बोलावले तरी गेले नाहीत. त्या शहराचे नाव काढले की त्यांचा आवाज बदले. आणि पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, जे पंडित सुंदरलाल समितीने तेव्हाच लिहून ठेवले, त्याबद्दल ते आमच्यासमोर एकदाच एक वाक्य बोलले: अंबडला पाव भाजणारे एक घर होते, ते त्या सप्टेंबरनंतर दिसले नाही. पुढे काही विचारायची कुणाची छाती झाली नाही.

पण दुपारच्या चहाला बशीत बिस्किट मोडताना ते हमखास म्हणत, "त्या इराण्याचा एक रुपया सहा आणे राहिला रे. हाली." हाली म्हणजे निजामाचे चलन, इंग्रजांच्या कलदार रुपयाहून किंचित हलके. हैदराबाद भारतात आल्यावर काही वर्षांत ते नाणे मोडीत निघाले. म्हणजे देणे राहिले आणि नाणे गेले. ज्याने राज्य उलथायला घर सोडले, त्याला त्याच राज्याच्या नाण्यातले सव्वा-दीड रुपयाचे देणे सत्तर वर्षे टोचत राहावे, हे लहानपणी आम्हाला फार विनोदी वाटे.

तेव्हा तिसऱ्या दिवशी आम्ही सुलतान बाजारात गेलो. हा भाग अजून मराठी कानाला ओळखीचा आहे. मराठी ग्रंथसंग्रहालय इथलेच, आणि जुन्या दुकानांतून मराठी ऐकू येते. अरुंद रस्त्यावर आता मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत. 2020 पासून डोक्यावरून गाडी जाते आणि खाली साड्यांचे ढीग. पुतलीबावलीच्या चौकात कोपरे चार. एकावर मोबाइलची आवरणे विकणारा, एकावर औषधांचे दुकान, एकावर बँक, चौथ्यावर बांधकामाचा पत्रा. दोन-तीन म्हाताऱ्या दुकानदारांना विचारले. "इराणी? बहोत थे साब, कोने कोने पे थे," एकाने सांगितले आणि दोन्ही हात पसरून सगळे चौक दाखवले. इराण्यांची हॉटेले शहरभर मिटत चालली आहेत. जागांचे भाव चढले. एका चहावर दोन तास बसणाऱ्या गिऱ्हाइकाच्या जिवावर कोपऱ्याची जागा कोण राखील? सौ. म्हणाली, "चला, निदान इराणी चहा तर पिऊ."

म्हणून संध्याकाळी चारमिनारला. 1591 सालच्या त्या चार मिनारांच्या सावलीत, मक्का मशिदीच्या बाजूला निमरा नावाचे चहाचे दुकान आहे. हे काही तात्यांच्या काळचे नव्हे, अलीकडचे. पण चहा त्या वळणाचा. दोन भांडी असतात. एकात चहाचा काढा झाकण घालून मंद आचेवर दम धरत असतो, दुसऱ्यात दूध आटत आटत खव्याच्या वाटेला लागलेले. कपात आधी काढा, वरून दूध. साखर इतकी की 'खडे चम्मच की चाय' म्हणतात. चमचा उभा राहावा. बरोबर उस्मानिया बिस्किट, शेवटच्या निजामाच्या नावाचे. कुणी म्हणतात उस्मानिया दवाखान्यातल्या रोग्यांसाठी केले, कुणी म्हणतात निजामाला आवडे म्हणून. खरे-खोटे बेकरीवाले जाणोत. गोड आणि खारट एकाच घासात, आणि चहात बुडवताच विरघळणारे. ते कपाच्या तळाशी बुडण्याआधी तोंडात घालणे हे कौशल्य आहे. चिरंजीवांची चार बिस्किटे तळाला गेली.

उभ्यानेच चहा घेत होतो. भोवती बुरख्यातल्या बायका बांगड्या घेऊन लाड बाजारातून येत होत्या, कॉलेजची पोरे होती, एक तेलुगू कुटुंब होते, कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ होते. चिरंजीव मध्येच म्हणाले, "बाबा, तात्यांचे पैसे इथे देऊन टाकू या ना. इराणी तर आहे." मी त्याला काही तरी सांगणार होतो, पण सौ.ने तोपर्यंत पर्समधून नोट काढून बिलाच्या पैशांत मिसळून गल्ल्यावर ठेवली होती. गल्ल्यावरच्या माणसाने नोटा मोजल्या, एक वेगळी काढली आणि तिच्यापुढे सरकवली.

"ये जास्ती है मॅडम."

"राहू द्या," ती मराठीतच म्हणाली.

"नक्को," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

ती नोट सौ.ने परत पर्समध्ये ठेवली. बाहेर येऊन आम्ही तिघेही काही वेळ चारमिनारकडे बघत उभे राहिलो. मग चिरंजीवांना लुखमी दिसली. लुखमी म्हणजे चौकोनी, पापुद्र्याची, आत खिमा भरलेली. समोशाची नवाबी बहीण. ती खाल्ली. पुराण्या हवेलीकडे मुन्शी नान म्हणून प्रसिद्ध दुकान आहे, तिथला चार कोनांचा नान तंदुरातून निघताना पाहिला. भट्टीच्या भिंतीला हातानेच चिकटवतात, आणि हात कसा भाजत नाही हा प्रश्न मी आणि चिरंजीव परतीपर्यंत चघळत होतो. हलीम मात्र मिळाली नाही. तिचे दिवस रमजानचे. गहू आणि मटण विटांच्या भट्टीवर रात्रभर शिजवून लाकडी घोटण्याने घोटतात. 2010 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, भारतात मांसाच्या पदार्थाला पहिले. चिरंजीवांनी पुढच्या रमजानची तारीख काढून ठेवली आहे. मोसंबीच्या बाबतीत झालेल्या अपमानाची भरपाई म्हणून मीही आडकाठी करणार नाही.

परतताना दिवसाची देवगिरी धरली. सामानात कराचीचे चार पुडे, दीड किलो उस्मानिया बिस्किटे, जौझी हलव्याचा डबा, गोंगुऱ्याच्या लोणच्याची बरणी, आणि सौ.च्या पिशवीत कागदावर लिहून घेतलेली बगारे बैंगनची कृती. ती तिने हॉटेलच्या वाढप्याकडून मिळवली होती, आणि त्यातल्या दोन गोष्टी सासूबाईंपेक्षा बरोबर आहेत असे तिचे मत आहे. हे मत तिने जालन्यात सासूबाईंना सांगितलेले नाही.

निजामाबादच्या पुढे समोरच्या बाकावर परभणीचे एक कुटुंब आले. बासरचा पूल लागला. गोदावरीला पाणी होते. त्या बाईंनी रुळावर गाडीचा आवाज बदलताच हात जोडले, पाण्यात नाणे टाकले, आणि डबा उघडला. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. आम्हाला आग्रह झाला, आम्ही घेतले. बदल्यात सौ.ने उस्मानिया बिस्किटांची पुडी पुढे केली. बाईंच्या सासऱ्यांनी, चांगले ऐंशीच्या पुढचे, एक बिस्किट उचलले, वास घेतला, आणि सुनेला म्हणाले, "चहावाला कुठं गेला बघ. हे कोरडं खायचं नसतं."

चहावाला नांदेडला चढला. परभणी येईपर्यंत एक पुडी संपली होती आणि जालना अजून दोन तास लांब होते.